उलटी बसवलेली काच

"आणि ही आमच्याकडची सगळ्यात मोठी गंमत!" अमृत मास्तरांनी काठीने चर्चची खिडकी दाखवली. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मोबाईल वर धरले. निळ्या-तांबड्या काचांमध्ये शिशाच्या पट्ट्यांनी मोठाली अक्षरं काढली होती, पण आरशात दिसावी तशी उलटी. "काच आली थेट जर्मनीहून. आमच्या लूथरन मंडळीची शान. अन् बसवायला मिळाला भिमाजी गवंडी, अक्षरशत्रू! 'आत या' उलटं करून ठेवलंन् गड्याने."

पाहुणे हसले. गावातली माणसंही हसली. पाहुणे आले की हसायचीच. भिमाजीची नात लंकाबाई मागच्या बाकावर बसली होती. ती दर वेळी सगळ्यांत मोठ्याने हसायची, म्हणजे कोणी तिच्याकडे बघायचं नाही. आज शेजारी नवी सून होती. लंकाबाई हसली, पण मान खाली घालून.

सून जया हसली नाही. ती उठली, बाहेर पडवीत गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली.

"आत्याबाई," तिने तिथूनच हाक मारली, "हिकडून सरळ हाय की! 'आत या' म्हनायचं ते भाईरच्यालाच ना? आतल्याला कशापायी सांगायचं?"

मास्तरांची काठी वरच राहिली. इतकी वर्षं खिडकीचा इतिहास सांगत होते, पण ही साधी गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती.

"खरंच की," एक पाहुणी म्हणाली. "मुद्दामच तशी बसवली असणार. पण उपासना चालू असताना पडवीत कोण बसायचं, की त्याला आत बोलवावं लागावं?"

जुन्या माणसांना ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी त्या काचेपलीकडे हलणाऱ्या सावल्या पाहिल्या होत्या, खालच्या आळीतल्या माणसांच्या. बाप्तिस्मा एकाच भांड्यातल्या पाण्याने झालेला, तरी ती माणसं आत बसत नसत.

"कोणी नाही," मास्तर घाईने म्हणाले. "चपला ठेवायची जागा ती."

बोलले आणि त्यांची कानशिलं तापली. स्वतःची अशी लाज वाटली की पाहुण्यांकडे बघवेना.

लंकाबाई उठली. तिने पदर सारखा केला.

"चपला न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "आमी हुतो तिथं."