बाबांचा टॉवेल

दवाखान्यातलं पकड मोजायचं यंत्र बाबांनी दाबलं, पण काटा हललाच नाही. “मधुमेहानं स्नायू झिजलेत, त्यात पत्नी गेल्यापासून मनही खचलंय. एकटं ठेवू नका,” डॉक्टर म्हणाले. म्हणून मी माहेरी राहिले. दादाला मात्र संशय. “आयुष्यभर लाँड्रीत चादरी पिळलेला माणूस चमचा उचलत नाही? सोंगं आहेत सगळी! रविवारी येऊन बघतोच.” मी त्याला झापलं. रोज घास भरवतेय कोण, तो की मी? रविवारी बाजारातून परतले, तर दोरीवर बाबांचा धुतलेला टॉवेल. थेंबही गळत नव्हता, इतका करकचून पिळलेला. माझ्या मनात पाल चुकचुकली. घरात दुसरं कुणीच नव्हतं. “बाबा, हा कुणी पिळला?” त्यांनी हात पांघरुणात लपवले. “आता तू जाशील?” खाली दादाची गाडी थांबली. मी टॉवेल बादलीत बुचकळला आणि तसाच निथळता दोरीवर टाकला.