बर्फातली भेग

गेममधल्या चंद्रावर केर्तूची गाडी कधी उलटली नव्हती. “तिथे चाकं जमीन धरतच नाहीत, बाबा. ब्रेक मारून काय उपयोग? भेग दिसली की वेग वाढवायचा आणि अंगठ्याने बटण दाबून उडी घ्यायची,” ती सांगायची.

आज गोठलेल्या समुद्रावरून हीउमा बेटाकडे ती पहिल्यांदाच खरी गाडी नेत होती. बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता यावं, या बर्फावरच्या रिवाजाप्रमाणे तिने आणि शेजारी बसलेल्या बाबांनी सीटचे पट्टे सोडून ठेवले होते. अचानक समोर बर्फ फाटलेला दिसला, मधे काळं पाणी.

“केर्तू, ब्रेक लाव.”

गाडी आणखीच जोरात सुटली. हॉर्न वाजू लागला, तो थांबेचना.

“अगं, हॉर्न कोणासाठी वाजवतेस?”

हॉर्नवर दाबलेला तिचा अंगठा पांढराफटक पडला होता.

“उड ना,” ती गाडीला म्हणत होती, “उड ना.”