शिंगांवाली नोट

दक्षिण सुदान नव्यानं स्वतंत्र झालेला देश. तिथल्या नोटा जमवता जमवता परदेशी नोटांचा छंद असलेल्या बजरंगच्या नाकी नऊ आले होते. दिवसभर माजलगावच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या आणि उरलेल्या वेळात नोटांच्या मागं फिरायचं. दोन वर्षांनी लांब शिंगांच्या गुरांचं चित्र असलेली करकरीत नोट एकदाची हाती लागली, तेव्हा त्यानं आईला बजावलं, "आये, हिला हात लावू नको. एवढासा डाग पडला तरी हिची किंमत जाती."

भामाबाई चित्राकडं बघतच राहिली. "आपल्या सर्ज्या बैलावानीच शिंगं हायेत की रं," एवढंच म्हणाली.

पोळ्याच्या सांजेला बजरंग दमून घरी आला, तर नोट पाटावर मांडलेली. चित्रातल्या बैलाच्या कपाळाला हळदकुंकू, पुढं पुरणपोळीचा निवद.

"आये, हे कावून केलंस गं? मातीचे बैल आणायचे हुते की पूजेला!"

भामाबाईनं रिकाम्या गोठ्याकडं पाहिलं.

"सर्ज्याला बाजार तूच दाखवलास, बाबा. मातीच्या बैलाला त्याची शिंगं नसत्यात."