झिजलेली कड

"नव्या नकोत, अशाच झिजलेल्या द्या," मी दगडवाल्याला म्हटलं. बागेत उतरायला आणखी पायऱ्या हव्या होत्या. एक फारच देखणी होती. तिच्या उजव्या कडेला तळहाताएवढा गुळगुळीत खळगा होता.

"जुन्या विहिरीची आहे, ताई."

सासूबाईंनी खळग्यावर हात ठेवला आणि चटकन चपला काढल्या. "विहिरीची असती तर मधोमध झिजली असती, पायांनी. ही हातांनी झिजलीय. देवळात शिरताना वाकून हात लावतो, ती पायरी आहे ही."

दगडवाल्याने मान फिरवली. "गावच धरणात गेलं. आता कोण येतंय तिथं?"

घरी आल्या आल्या सासूबाई त्याच्याकडूनच आधी आणून बसवलेल्या पायऱ्यांच्या कडा चाचपू लागल्या. सगळ्यात वरच्या पायरीवरचं पायपुसणं त्यांनी बाजूला सारलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.