अयोध्येची लंका

लेकीचा, अयोध्येचा फोन लागत नव्हता आणि सगुणाबाईचा पाय घरात ठरत नव्हता. ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर. अंगणात वाळूने भरलेली ट्रॉली उभी होती. तिच्या सावलीत व्यंकट उकिडवा बसून घाईघाईने भाकरी खात होता. पहाटे मांजरा नदीतून भरून आणलेली ही वाळू त्याला ऊन चढायच्या आत बिलोलीत टाकायची होती.

"माय, बस की एका जागी. लंकेत आता रावण न्हाई उरला!"

हा घरातला नेहमीचा विनोद. गावची मांजरा पुढे गोदावरीला मिळते. समुद्राजवळ ही गोदावरी फाटे फुटून पसरते, आणि तिथल्या गाळाच्या बेटांना आंध्रातले लोक लंका म्हणतात. सगुणाबाईने लेक अशाच एका बेटावर दिली होती. अयोध्या लंकेत नांदते म्हणून सारं गाव हसायचं, सगुणाबाईही हसायची. आज मात्र तिला लेकाचा राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. तिने घाईने स्पीकर लावला.

"माय, लंका तुटून राहिली," अयोध्या म्हणाली. "गोठा गेला नदीत. आता घराच्या अन् पाण्याच्या मधी एक नारळाचं झाड हाय फक्त."

"लेकरं घेऊन निघून ये पोरी."

"सासूबाई उठंनात. त्यायला सोडून कशी येऊ?"

"अगं, नदी तर दरसाल काठ खाते," व्यंकट बसल्या जागेवरून म्हणाला.

"खायची अन् भरायची बी, दादा. पुरासंगं वरून वाळू यायची, गाळ यायचा, गेलेलं पुन्हा बसायचं. आता नुसतं पाणी येतंय." मग तिने भोळेपणाने विचारलं, "आपल्या मांजरेत हाय का रे वाळू अजून?"

व्यंकटने हातातली भाकरी खाली ठेवली.

"हाय की. लई हाय."

सगुणाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि ट्रॉलीत चढून वाळूवर मांडी घालून बसली.

"माय, उतर! गिऱ्हाईक वाट बघून राहिलंय."

"नदीला घे."

"येडी झालीस का? एका ट्रॉलीनं काय होतंय? मधी धरण हाय. तिच्यापर्यंत एक कण बी जायचा न्हाई."

"ठाव हाय मला. नदीला घे."

व्यंकट ट्रॉलीभोवती फिरला, पुन्हा फिरला. मायला हाताला धरून खाली ओढणं त्याच्याने होईना. शेवटी कुणाला तरी शिव्या घालत त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि नदीच्या वाटेला लावला.

फोनमधून अयोध्या ओरडत होती, "माय, कसला आवाज हाय? कुठं निघालीस?"

"कुठं न्हाई बाई," गचके खात सगुणाबाई म्हणाली. "तुझी ओटी भरायला निघाले."