ना-हरकतीआधीची फेरी

"गौतमे, जॅकवेलवरचा डबा घरात कुणी आणला?" ताईबाईंनी विचारलं.

"मी. दोर कुजलाय. संध्याकाळी नवा बांधते."

"आन् तवर कुणाची होडी आपटली म्हंजी?"

"आपल्या माणसांना जागा ठाऊक हाय, आई."

ताईबाईंनी निळा डबा पालथा केला. आतलं पाणी अंगणात सांडलं.

जॅकवेल म्हणजे जुन्या उपसा योजनेची पाणी खेचायची विहीर. ती धरणाच्या पाण्यात कधीच बुडाली होती. या दिवसांत तिचा कठडा पाण्याच्या वीतभर खाली असे आणि वरून काहीच दिसत नसे. म्हणून मासेमार त्यावर खुणेचा तरंगता डबा बांधून ठेवत. गेल्या उन्हाळ्यात गौतमीचे वडील म्हाळू त्या डब्याजवळच जाळं काढत होते. एक मोटरबोट त्यांच्या होडीवर आदळली आणि न थांबता निघून गेली. म्हाळू बुडाले. ताईबाईंनी काठावरून पाहिलं ते एवढंच, की बोट पांढरी होती. पंचनाम्यात एवढंच आलं, की होडी उलटली. विहिरीचा त्यात उल्लेखही नव्हता.

"त्या बोटवाल्यांना आता च्या पाजायचा," ताईबाई म्हणाल्या. "साखर घालू का तसाच देऊ?"

"घाल. थोडी."

बाहेर गाडी थांबली. गौतमीने डबा पायाने दाराआड सरकवला.

सत्यजीत पुण्याचा. हौशी मोटरबोटवाल्यांच्या देशभरातल्या संघटनेचा तो विभागीय सचिव. त्याच्याबरोबर विक्रम होता, सणसवाडीत फॅब्रिकेशनचं शेड असलेला, संघटनेचा नवा सभासद. त्याची बोट घाटावर उतरवून ठेवली होती.

"सरपंच मॅडम, तुमचा ना-हरकत दाखला मिळाला की पुढचं आम्ही बघतो," सत्यजीत म्हणाला. "शनिवार-रविवार आमची मंडळी येतील. गावालाही चार पैसे."

"या बाजूला आधी कधी आला होतात?"

"मी? पहिल्यांदाच. शिरूर सोडून इकडे आत कधी यायचं कामच पडलं नाही. छान पाणी आहे तुमचं."

"तुमची संघटना बोटवाल्यांची बाजू मांडते. मग त्यांच्यावर नजर कोण ठेवतं?"

"तेही आम्हीच. सरकारी माणूस नेमला की हप्ते सुरू होतात. आपली शिस्त आपणच पाळलेली बरी."

"एखाद्याने नाही पाळली तर?"

"समज देतो."

"आणि सभासदच नसला तर?"

"मग तो आमचा नाही, मॅडम. त्याचं आम्ही काय करणार?"

ताईबाई चहा ठेवून दारातच थांबल्या. "लई सोपं हाय की मग," त्या म्हणाल्या. "आमचं कोंबडं शेजारणीच्या दाण्यात गेलं तर मी बी म्हणंन, आमचं न्हाई."

विक्रम हसला आणि लगेच कप तोंडाला लावला.

"गेल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं," गौतमी म्हणाली.

सत्यजीतने कप खाली ठेवला. "तुमच्या वडिलांचं. वाईट झालं. आम्ही चौकशी केली होती. त्या दिवशी आमच्या एकाही सभासदाची बोट या पाण्यावर नव्हती."

"चौकशी कुणी केली?"

"मीच. पुण्यातून एकेकाला फोन केला."

गौतमीने मान हलवली. "दाखल्यावर सही करते. पण माझ्या पाण्यावर येणारी बोट आधी मी बसून बघणार. एक फेरी मारू."

घाटावरची बोट पांढरी होती. नाकाशी एका जागी रंग जरा वेगळा दिसत होता. गौतमीने तिथे अंगठा टेकवला.

"पॅच हाय मॅडम," विक्रम म्हणाला. "सेकंडहँड घेतली ना. आधीपासूनच व्हता." त्याची नजर तिच्याकडे वळेना.

"निघूया का?" सत्यजीत म्हणाला. "ऊन चढतंय."

"इथं आधी चालवलीय?" गौतमीने विक्रमला विचारलं.

"न्हाई न्हाई. दोनदा पानशेतला, बास."

तिघांनी लाइफ जॅकेट घातली. ताईबाई काठावर उभ्या होत्या. त्यांची नजर पांढऱ्या बोटीवरून हलत नव्हती. विक्रम चाकाशी बसला, गौतमी त्याच्या शेजारी, सत्यजीत मागे. विक्रमच्या मानेवर घाम होता. इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झालं.

"समोरच्या काठावर एकटी बाभूळ दिसते?" गौतमी म्हणाली. "तिच्या रोखाने सरळ चला. हळू."

"हळूच चाललोय, मॅडम. तुम्ही शेजारी बसल्यावर पाय थरथरतोय बघा, आरटीओच्या टेस्टला बसल्यासारखा."

ती हसली नाही. पाणी परातीतल्यासारखं निवांत होतं. त्यावर खूण म्हणून काडीही नव्हती. डावीकडे लांबवर बगळे उतरले होते, पण गौतमी विक्रमच्या हातांकडे पाहत होती. वाटेतली ती डब्याची जागा ज्याने एकदा पाहिली होती, त्याचे हात आपोआप वळले असते.

विक्रमचे वळेनात.

बोट बाभळीच्या रोखाने सरळ जात राहिली. गौतमीने कडेची दांडी घट्ट धरली. आता वळेल, तिला वाटलं. मग वाटलं, अजून थोडं. विक्रमने उलट एका हाताने मानेवरचा घाम पुसला आणि बगळ्यांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ऊन सोडून काही नव्हतं. काठ मागे राहिला होता, ताईबाईंचं लुगडं तेवढं ओळखू येत होतं. गौतमीने वर्षभर मनात धरलेला माणूस हा नव्हता. इंजिन बंद करा म्हणायला तिने तोंड उघडलं.

"अरे, डावीकडे घे," मागून सत्यजीत ओरडला, "खाली विहीर आहे."