मिठावरचा मंगळ

मिठाचा थर पापडासारखा फुटला आणि मृण्मयीचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. तो ओढून काढताना तिच्या पाठीवरची ऑक्सिजनची नळी फाटली.

गिरिधरने रेडिओवरून मदत मागितली. तळ्याच्या काठावरचा नियंत्रण कक्ष समोर दिसत होता. पण मंगळावरून पृथ्वीवर संदेश पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ यंत्र त्याचा आवाज अडवून ठेवणार होतं. दोन वर्षांच्या या सरावाचा तसा नियमच होता.

“हेल्मेट उघड!” तो ओरडला. “अगं, आपण राजस्थानात आहोत!”

“माहितीये मला.” मृण्मयीला धाप लागली होती. तिचा हात हेल्मेटच्या खटक्यापर्यंत गेला आणि थांबला. “गिरी, नाही उघडवत रे.”

रोज तंबूबाहेर पडताना दोघं एकमेकांच्या खटक्यावर टकटक करायचे. “बंद?” “बंद.” त्याशिवाय दाराला हात लावायचा नाही.

गिरिधरने तिचा खटका धरला. तिने त्याचं मनगट असं आवळलं, जणू तो तिच्या जिवावरच उठला होता. काचेआड तिचे ओठ निळे पडत होते.

“बरं, आधी मी उघडतो. माझ्याकडे बघ. मी श्वास घेतला, की तू उघड.”

ती बघत राहिली. त्याने स्वतःच्या खटक्यावर अंगठा ठेवला. नुसतं दाबायचं होतं. अंगठा दाबेना.

तळ्यावरून एक माशी उडत आली आणि त्याच्या काचेवर बसून निवांत पाय चोळू लागली.